फुलीच्या बरण्या

१

बाबांना पुरलं तेव्हा कबरस्तानात अकरा माणसं होती. आमच्या गावात खाडीतल्या तिसऱ्यांवर, त्या शिंपल्यांवर, जगणारी दीडशे घरं आहेत. त्यांतलं कोणीही आलं नाही. आईचा सख्खा भाऊ, ग्वाल्तिएरोमामा, तोही आला नाही. पाद्रीबाबांनी प्रार्थना लवकर आटोपली आणि कोणाच्या नजरेला नजर न देता ते निघून गेले.

बाबा गेले ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, गावाबाहेरच्या बायोगॅस प्रकल्पावर. गुरुवारी संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत आमच्याकडे चर्चच्या घंटा बांधून ठेवतात, तासाचे टोलेसुद्धा पडत नाहीत. त्यामुळे माणूस गेल्यावर वाजते ती घंटा बाबांसाठी वाजली नाही. आईला ते फार लागलं. बाकी कशाबद्दल ती बोलली नाही, याबद्दल दोनदा बोलली.

कंपनीचा अहवाल दीड पानांचा होता. हॉटेलं, इस्पितळ, वृद्धाश्रम यांच्या स्वयंपाकघरांतलं उष्टं टँकरने प्रकल्पावर येतं आणि आधी एका उघड्या हौदात पडतं. तिथून ते बंद टाक्यांत ढकलतात; तिथे ते आंबतं आणि त्याचा गॅस होतो. हौदाला खालून एक व्हॉल्व्ह आहे, पावसाचं पाणी कालव्यात सोडायचा. अहवाल म्हणत होता की अदेल्मो सिविएरो, वय त्रेसष्ट, यांनी तो व्हॉल्व्ह अनवधानाने उघडा ठेवला आणि मग गॅसचा मीटर न लावता हौदावर वाकले. हौदातून आलेल्या विषारी वायूने ते जागच्या जागी गेले.

हौद कालव्यात रिकामा झाला. आमची जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली. कालव्याचं पाणी पंपाने उचलून खाडीत टाकावं लागतं. पंपाने नेहमीप्रमाणे ते उचललं. जे उष्टं टाकीत गेलं तर गॅस आणि खत होतं, तेच पाण्यात गेलं की पाण्यातला सगळा प्राणवायू खाऊन टाकतं. ईस्टरच्या सकाळी खाडीभर तिसऱ्या तोंडं उघडून पडल्या होत्या. नव्याने टाकलेलं तिसऱ्यांचं बीसुद्धा मेलं.

दफनानंतर मी धक्क्यावर गेले. मामा उलट्या घातलेल्या होडीवर बसून होता. करायला काही काम नव्हतं, तरी त्याने रबरी बूट चढवले होते.

"मामा, आई वाट बघत होती."

"बघू दे."

"तुझा मेहुणा होता तो."

"मेहुणा होता म्हणून थुंकत नाही, ओर्नेल्ला. दुसरा कोणी असता तर थुंकलो असतो." त्याने खाडीकडे हनुवटी उडवली. "वास येतोय ना? हा तुझ्या बापाचा वास आहे. पोरं शाळेत हेच म्हणतात. मी शिकवलेलं नाही त्यांना."

"त्यांनी तो व्हॉल्व्ह उघडला नसेल तर?"

मामा होडीवरून उठला. मग म्हणाला, "मग कोणी उघडला ते घेऊन ये. नुसतं तोंडाने सांगू नकोस. तू पुस्तकांतली बाई आहेस, तुला बोलता येतं. हातात काहीतरी घेऊन ये. तसं झालं तर तिसऱ्या काढणाऱ्यांची सगळी संस्था तुझ्या आईच्या दारात येईल, मी आणीन. नाहीतर ती दुकानात गेली की बायका अशाच बाजूला होणार."

२

इंजिनीअर तोल्दोबाई पादोव्हा शहरातून आठवड्यातून तीनदा येत. प्रकल्प त्यांच्या हुकमाखाली चालतो. त्यांनी मला खुर्ची दिली, कॉफी दिली, आणि खणातून एक पाकीट काढलं.

"तुमच्या वडिलांची चावी. पोलिसांनी परत दिली. व्हॉल्व्हच्या कोठडीला कुलूप असतं. ते उघडं होतं, आणि चावी कुलपातच लटकत होती. घाईत राहिली असावी."

लहानशी पितळी चावी होती. मी विचारलं, "अशा किती चाव्या आहेत?"

"दोन. एक अदेल्मोंकडे, एक एर्मेसकडे. ऑफिसात ठेवत नाही. खालच्या यंत्रांतलं मला काही कळत नाही, मी कागदांची माणूस."

"एकोणीस वर्षांत तो व्हॉल्व्ह कुठला आणि कशाचा, हे बाबा विसरल्याचं मी ऐकलं नाही."

"वय होतं, बाई," त्या हळुवारपणे म्हणाल्या. "मला वाईट वाटतं. आणि हो, ते जुनं फ्रीज तुमचंच ना? मागच्या शेडमधलं. घेऊन जाल का? आता तपासणीला माणसं येतील, तिथे डबे ठेवायचं फ्रीज बरं दिसत नाही."

ते फ्रीज आमच्या स्वयंपाकघरातलं. आईने नवीन घेतलं तेव्हा बाबांनी इकडे आणलं होतं. तोल्दोबाईंनी ते कधी उघडलं नव्हतं, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

शेडमध्ये एर्मेसकाका होते. एर्मेस मान्चिन, बाबांचे शाळेपासूनचे मित्र, माझ्या लग्नात आणि घटस्फोटात दोन्हीकडे हजर असलेले. त्यांनी मला जवळ घेतलं आणि रडले. मी रडले नाही. मला विचारायचं होतं.

"काका, कसं सापडले ते? मला सगळं सांगा."

"काय सांगू पोरी. नेहमीसारखा आठला आलो. फाटक उघडतोय तेवढ्यात चर्चचे आठ टोले पडले, मला पक्कं आठवतं, कारण मी मनात म्हटलं, आज तरी वेळेवर आलास गाढवा. आत आलो तर तो हौदाच्या काठावर पालथा. हात आत लोंबतोय. मी मीटर लावला, श्वास धरून ओढला त्याला. गार होता."

"आणि हौद?"

"रिकामाच झालेला. तळाला थोडंसं उरलेलं."

"टँकर कोणता आला होता?"

"लिव्हिओचा. वृद्धाश्रमाचं उष्टं. सातला ओतून गेलेला तो." त्यांनी डोळे पुसले आणि फ्रीजच्या दारावर हात ठेवला. "हे मी आणून टाकतो तुमच्याकडे. आतलं आधी फेकून देतो, सडलेलं असेल. तू कशाला हात घाण करतेस?"

"राहू दे. आईला बरण्या परत हव्यात."

काकांचा हात दारावरून लगेच निघाला नाही.

३

बरण्या आईच्याच होत्या, जॅमच्या. दर टँकरमधून एक बरणी भरून ठेवायची, हा बाबांचा शिरस्ता. टाक्यांचं पोट बिघडलं की मागे जाऊन काय खाल्लं होतं ते बघता येतं, असं ते म्हणत. टाक्यांबद्दल ते नेहमी पोट असलेल्या जनावरांसारखं बोलत.

मी आणि आईने फ्रीज मागच्या ओसरीत लावलं आणि आई आत निघून गेली. मी एकेक बरणी बाहेर काढून उन्हात ठेवली. झाकणं उघडली नाहीत. प्रत्येकीवर कागदाची पट्टी, पट्टीवर पेन्सिलीने तारीख आणि ठिकाण. बाबांचं अक्षर, शेवटच्या अक्षराला खाली शेपूट काढणारं.

शनिवारची बरणी शेवटच्या रांगेत सापडली. तारीख ती, ठिकाण 'वृद्धाश्रम'. कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीकशी फुली.

आत उष्टं नव्हतं. गुलाबी राखाडी रंगाची बुळबुळीत रबडी होती, शेंबडासारखी, आणि काचेला आतून चिकटलेले ताठ पांढरे केस. मी आधीच्या शनिवारची बरणी घेतली: संत्र्याच्या साली, पास्ता, कॉफीचा चोथा, अंड्याची टरफलं. तीही वृद्धाश्रमाची. तिच्यावर फुली नव्हती.

मग मी फक्त फुल्या शोधल्या. जानेवारीपासून सात निघाल्या. सातहीवर वृद्धाश्रम लिहिलेलं, सातहींत तीच रबडी.

शनिवारी येतं ते शुक्रवारचं उष्टं. तो शुक्रवार गुड फ्रायडे होता. वृद्धाश्रम नन चालवतात. त्या दिवशी मांस वर्ज्य; त्यांच्या चुलीवर मांसाचा तुकडा चढला असता तर बिशपना कळवावं लागलं असतं. आणि काचेला चिकटलेले केस डुकराचे होते. आमच्या आजोबांकडे डुक्कर कापत, ते केस मी लहानपणी टबातून गोळा केलेत.

४

लिव्हिओ बॉस्कारो टँकर चालवतो आणि उरलेला वेळ चौकातल्या बारमध्ये पत्ते खेळतो. मी समोर बसले तेव्हा त्याने पत्ते उलटे ठेवले नाहीत, आणखी पसरले.

"ग्रंथपालबाई, माझं कुठलं पुस्तक परत करायचं राहिलंय?"

"शनिवारी काय आणलंस?"

"म्हाताऱ्यांचं उष्टं. दात नसतात त्यांना, निम्मं टाकतात."

"स्वतः भरलंस?"

"मी नाही तर कोण, पोप? सकाळी सहाला मागच्या अंगणात गेलो, सिस्टर उम्बेर्ताने डबे दिले, हात हलवला. सातच्या आधी तुझ्या बापाकडे. पाईप जोडला, पाईप काढला. तो हौदावर उभा होता, धडधाकट. मी निघालो तेव्हा सात वाजून पाच." त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं. "आता ही माझ्या टँकरचं शवविच्छेदन करणार."

शेजारी हसला. मीही हसले. त्याला आणखी काही विचारायची गरज नव्हती, कारण वृद्धाश्रम बारपासून सात मिनिटांवर आहे.

सिस्टर उम्बेर्ता वाटाणे सोलत होत्या. शुक्रवारी काय केलं होतं, विचारलं, तर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"गुड फ्रायडेला काय करतात? हरभऱ्याची आमटी आणि खारवलेला मासा. तू शेवटची चर्चमध्ये कधी गेलीस ग?"

"दफनाला, सिस्टर."

त्या नरमल्या. शेंगांचं ताट त्यांनी माझ्याकडे सरकवलं, म्हणजे बसून हात चालव.

"उष्टं शनिवारी लिव्हिओने नेलं?"

"लिव्हिओ? कोणीच नेलं नाही. मंगळवारपर्यंत डबे अंगणात पडलेले. माशाचे काटे होते त्यात, गावातली सगळी मांजरं आमच्या भिंतीवर. मी फोन केला तर तुमची ती पादोव्हाची बाई म्हणते, सणाची गडबड आहे. जानेवारीपासून असंच चाललंय. कागदावर नेलं म्हणून सही मागतात आणि डबे इथेच."

"सही तुम्ही देता?"

"मला वाटलं, मंगळवारी नेतात त्याची आगाऊ." त्यांचे हात थांबले. "मी काही चुकीचं केलं का?"

मी शेंगा सोलत राहिले. 

५

त्या रात्री मी वाचत बसले; दुसरं काही मला येत नाही. डुकराच्या आतड्यांचं अस्तर खरवडून त्यातून औषध काढतात. उरते ती रबडी, आणि ती टिकावी म्हणून तिच्यात गंधकाची द्रव्यं घालतात. टाक्यांत ती उत्तम गॅस देते. पण काहीही आंबट तिच्याशी मिसळलं की त्या गंधकाचा विषारी वायू काही मिनिटांत सुटतो. थोडा असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो. फार असेल तर वास यायचा थांबतो. तो पहिल्यांदा नाकच मारतो. म्हणजे बाबांना शेवटी काहीच वास आला नसणार.

शुक्रवारची शेवटची बरणी मी पुन्हा पाहिली. चीजच्या कारखान्यातलं आंबट पाणी. पट्टीवरचं अक्षर बाबांचं नव्हतं, ठसठशीत, शाळकरी. एर्मेसकाकांचं.

काय झालं ते आता माहीत होतं. कोणी लपवलं ते राहिलं होतं.

सकाळी आई म्हणाली, "इस्पितळाने पिशवी दिली होती. मी उघडली नाही. तू उघड."

निळ्या प्लास्टिकच्या पिशवीत शर्ट होता, कापून काढलेला. चष्मा, रुमाल, पाकीट. पँटच्या खिशात किल्ल्यांचा जुडगा: घराची, सायकलची, आणि लाल दोऱ्यात ओवलेली एक लहान पितळी चावी.

मी तोल्दोबाईंचं पाकीट आणलं आणि त्यातली चावी शेजारी ठेवली. दाते दात्यांना जुळत होते. व्हॉल्व्हच्या कोठडीच्या दोनच चाव्या, आणि दोन्ही आमच्या टेबलावर. कुलपात लटकत होती ती बाबांची नव्हती. बाबांची बाबांच्या खिशात होती, मेल्यावरही.

"काय आहे?" आईने विचारलं.

"काही नाही. एर्मेसकाकांची चावी चुकून आपल्याकडे आलीय. देऊन येते."

दारातून बाहेर पडताना दहाचे टोले पडले. मी उंबऱ्यावर उभी राहून ते मोजले. फाटक उघडताना चर्चचे आठ टोले पडले, असं काका म्हणाले होते. वर्षातल्या तीनशे त्रेसष्ट दिवशी ते खरं असतं. तो माणूस एकोणीस वर्षं त्या टोल्यांवर कामाला आला. खोटं बोलताना त्याने रोजची सकाळ सांगितली. पण त्या शनिवारी घंटा बांधलेल्या होत्या.

६

काका अंगणात रानकोंब निवडत बसले होते, भातात घालायला. चावी मी कोंबांच्या ढिगावर ठेवली.

"तुमची."

त्यांनी ती उचलली नाही.

"माझी हरवलीय. थंडीतच."

"हरवलेली चावी शनिवारी कुलपात सापडली. बाबांची त्यांच्या खिशात होती. आणि शनिवारी आठ टोले कोणीही ऐकले नाहीत, काका. तुम्ही कधी आलात?"

आत त्यांच्या बायकोने रेडिओ लावला होता. काका उठले, दार ओढून घेतलं, परत बसले.

"सव्वासातला," ते म्हणाले. "त्या दिवशी यायचं होतं साडेसहाला. हौदावर एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, हा त्याचाच नियम. मी हे खुडत बसलो होतो कालव्याच्या काठाला." त्यांनी कोंबांकडे बोट केलं. "सणाला हवेत म्हणून."

"आणि शुक्रवारचं आंबट पाणी?"

"तेही माहीत आहे तुला?" ते हसल्यासारखं काहीतरी करून थांबले. "मिरवणुकीत क्रूस धरायचा होता मला. हौद टाकीत रिकामा करायला चाळीस मिनिटं लागतात. म्हटलं, सकाळी करू. फळ्यावर लिहायचंही राहिलं. लिव्हिओ टँकर ओतेपर्यंत अदेल्मोला वाटत असणार, हौदात पावसाचं पाणी आहे."

"तुम्ही आलात तेव्हा ते जिवंत होते?"

"माहीत नाही."

"काका."

"खरंच माहीत नाही, ओर्नेल्ला. मीटर फाटकापासूनच ओरडत होता. मी तोल्दोबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, श्वास आहे का? मी म्हटलं, जवळ जाता येत नाही. त्या म्हणाल्या, मग तो गेलाच आहे. आधी हौद रिकामा कर, मग रुग्णवाहिका बोलाव. ते आतडं कोणाला सापडलं तर प्रकल्प बंद, तू आत, लिव्हिओ आत. मी कोठडी उघडली. व्हॉल्व्ह फिरवला." ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते. "हौद उतरेल तसा गॅस कमी होईल, मग त्याला ओढता येईल, असंही मनात होतं. होतं का ते आता मला सांगता येत नाही. रोज मनात घोळवतो."

"सव्वासात ते आठ. पाऊण तास."

"हो."

मी कोंब बघत होते. ताजे होते, आजच खुडलेले.

"बाबांना ते आतडं आहे हे माहीत होतं?"

"बरण्या तू बघितल्यास ना. मग मला कशाला विचारतेस?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला, आणि लगेच उतरला. "हिवाळ्यात समुद्रकाठची हॉटेलं बंद. टाक्या उपाशी. बाई म्हणाल्या, गॅस असाच पडत गेला तर मेमध्ये कुलूप. लिव्हिओकडे हे आतडं चोरून आणायचा मार्ग होता. अदेल्मो पहिल्या वेळी दोन दिवस जेवला नाही. मग म्हणाला, इथे कुलूप लागलं तर गावाचं सगळं उष्टं परत कचरा डेपोत जाईल, तिथे सडेल, तो गॅस सरळ आभाळात. एकोणीस वर्षं तेच तर थांबवत आलो आपण. सहा वेळा त्याने हौद धुऊन कोरडा केला आणि मगच ते घेतलं. सातव्या वेळी ते काम माझ्याकडे होतं."

ते उठून माझ्याजवळ आले.

"मी सगळं सांगतो. फोन, चावी, सगळं. आजच जातो पोलिसांत. व्हॉल्व्ह त्याने उघडला नाही हे मी ग्वाल्तिएरोच्या तोंडावर सांगतो. पण त्या बरण्या पुरून टाक. त्यावर त्याचं अक्षर आहे."

"बरण्या नसल्या तर तोल्दोबाई म्हणतील, एर्मेस घाबरला, त्याने स्वतःच्या डोक्याने केलं. हौद धुतलाय. टँकर धुतलाय. त्यात काय होतं हे फक्त बरण्यांत आहे."

"मला चालेल. माझ्यावर येऊ दे."

"आणि ते आतडं पुन्हा येईल. दुसऱ्या कोणाच्या तरी हौदात."

काका परत खाली बसले. मग म्हणाले, "तो तुझा बाप होता."

मला हे कोणी सांगायची गरज नव्हती.

७

संस्थेच्या सभागृहात चाळीसेक माणसं असतील. काकांनी उभं राहून सांगितलं, खाली बघत, एकही शब्द न गाळता. कोणीतरी खुर्ची ढकलून उठलं. मामाने हाताने त्याला खाली बसवलं. सकाळी काका पोलिसांत जाऊन आले होते, तोल्दोबाईंना बोलावणं गेलं होतं, लिव्हिओचा टँकर अंगणातच अडकवून ठेवला होता.

मग मी टेबलावर बरण्या मांडल्या. वाटेत मी गाडी दोनदा थांबवली होती. पहिल्यांदा फक्त शनिवारची बरणी न्यावी असं ठरवलं होतं: एक बरणी, एक दिवस, फसवला गेलेला एक माणूस. झाकण लावलेल्या बाकीच्या सहा डिकीत राहिल्या असत्या. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा फक्त काच खाली केली आणि खाडीचा वास घेतला.

मामाने चष्मा लावला. एकेक बरणी उजेडात धरली, पट्टी वाचली, खाली ठेवली.

"ही फुली?"

"ज्या टँकरमध्ये खरं उष्टं नाही, त्याची खूण."

"अक्षर अदेल्मोचं."

"हो."

"म्हणजे सातही वेळा त्याला माहीत होतं."

"हो, मामा."

 मामाने चष्मा काढून मिटला.

"सचिव, लिहून घे. व्हॉल्व्ह अदेल्मो सिविएरोने उघडला नाही." त्याने वाट पाहिली. "लिहिलंस? आता दुसरं लिही. हौदात काय येतं ते त्याला जानेवारीपासून माहीत होतं, आणि त्याने आम्हाला सांगितलं नाही."

"मामा, त्यांनी ते प्रकल्पासाठी—"

"कशासाठी ते लिहीत नाही आम्ही. खाडीत बी पुन्हा धरायला तीन वर्षं लागतील. तोवर मी तुझ्या बापाबद्दल वाईट बोलणार नाही. चांगलंही बोलणार नाही. तू हातात घेऊन आलीस, मी वाचलं. जा आता."

दारात कोणीतरी मला वाट दिली. बाजूला झाला की वाट दिली, हे मला कळलं नाही.

घरी आईने टेबल मांडलं होतं. दोन ताटं. तिने विचारलं, "काय म्हणाला ग्वाल्तिएरो?"

मी दोन्ही वाक्यं सांगितली, जशीच्या तशी. ती ऐकत राहिली. मक्याच्या पिठाची पोळेन्ता ताटात थिजत गेली.

"येणार आहेत का ते? दारात?"

"नाही."

"पहिलंच सांगून परत यायचं होतंस."

"दुसरं सांगितलं नसतं तर पहिल्यावर कोणी विश्वास ठेवला नसता, आई."

तिने तिचं ताट बाजूला सारलं.

"मी ठेवला असता," ती म्हणाली.